आतल्या कपड्यांची नावं गेली कुठे?



विषय सरळच सांगून टाकतो, म्हणजे अवघडलेपण पहिल्या मिनिटात संपेल. बायका साडीच्या किंवा ड्रेसच्या आत जे कपडे घालतात त्यांना मराठीत काय म्हणतात, पूर्वी काय म्हणत, आणि ते कपडे घरी शिवले जात तेव्हा आपल्या भाषेजवळ काय होतं जे आज नाही, यावर आपण बोलणार आहोत. विषय कापडाचा, सवय आमची तत्त्वज्ञानाची. त्यामुळे मधेमधे वैशेषिकांची भाषा येईल, तेवढी सांभाळून घ्या.

बेसा ते मनीषनगर रस्त्यावरच्या पाट्या वाचत जा. लेडीज टेलर, फॉल-पिको, मॅचिंग सेंटर, बुटीक. 'ब्लाउज', 'नाइटी', 'इनरवेअर', 'अंडरगारमेंट्स'. लिपी देवनागरी, शब्द परका. घरात विचारलं तर 'आतले कपडे' असं उत्तर येतं. थोड्या शिकलेल्या घरात 'अंतर्वस्त्रं'. आता बघा, 'आतले' हे नाव नाही, तो पत्ता आहे. 'घरातला माणूस' म्हटलं तर तो मुलगा, जावई की भाडेकरू, काही कळतं का? तो कुठे आहे एवढंच कळतं. दुकानात तर याहून पुढची गंमत होते. गिऱ्हाईक म्हणते, 'चौतीस नंबर द्या.' नामच गळून पडलं, नुसतं विशेषण उरलं. दुकानदारही विचारत नाही कशाचा नंबर. वस्तू कागदात गुंडाळली जाते आणि शब्दही.

यावरून लोक म्हणतात, 'मराठीत या गोष्टींना शब्दच नाहीत हो.' आमचा आक्षेप या वाक्यावर आहे. वैशेषिकांनी 'नसणं' चार प्रकारचं सांगितलं. मडकं घडण्याआधी ते नसतं, तो प्रागभाव. मडकं फुटल्यावर नसतं, तो प्रध्वंसाभाव. मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. आणि वाऱ्याला रूप नाही, कधी नव्हतं, कधी नसेल, तो अत्यंताभाव. 'मराठीत शब्दच नाहीत' म्हणणारा माणूस अत्यंताभावाची गोष्ट करतो. आमचं म्हणणं, इथे उरलेले तिन्ही अभाव आहेत, चौथा मात्र अजिबात नाही. आणि कोणता अभाव आहे ते ओळखल्याशिवाय उपाय सुचत नाही.

सुरुवात एका अलीकडच्या मजकुरापासून करू. जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांनी फेसबुकवर एक टिपण लिहिलं. त्याचं शीर्षक होतं 'बाई, बुब्ज आणि ब्रा'. स्वयंपाक करतानाचा घरातला एक व्हिडिओ त्यांनी टाकला होता. त्यावर त्यांच्या आतल्या कपड्यांवरून शेरे आले, आणि उत्तरादाखल हे टिपण आलं. घालायचं की नाही हे जिचं शरीर तिने ठरवावं, हा त्याचा गाभा. मराठीत जाहीरपणे, स्वतःच्या नावाने, मुखवटा न घालता लिहिलेला हा मजकूर आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याची बाजू न्याय्य आहे याबद्दल शंका नाही.

पण समीक्षकाने शीर्षकाकडे बघावं. तीन नामं, त्यात मराठी एकच: बाई. शरीर इंग्रजी, कपडा इंग्रजी. हा दोष लेखिकेचा नाही, तिला भाषेने जे दिलं ते तिने वापरलं. तिच्या जागी कुणीही असतं तरी काय लिहिलं असतं? 'स्तन' म्हटलं की डॉक्टर नाहीतर संस्कृत काव्य डोळ्यापुढे येतं. 'थान' हा अस्सल शब्द आहे, पण शहरी कानाला तो गोठ्यातला वाटतो. 'छाती' पुरुषालाही असते, आणि शौर्यालाही. म्हणजे सगळ्यात धीट मराठी मजकुरालाही धीटपणा दाखवायच्या जागी भाषा बदलावी लागली. इंग्रजी शब्द इथे हातमोज्यासारखा वापरला आहे: वस्तू उचलायची, पण हात लागू द्यायचा नाही.

मग प्रश्न पडतो, या परक्या शब्दांत तरी उघडपणा आहे का? जरा खोलात गेलं की मजा दिसते. 'ब्रा' हे 'ब्रासिएर'चं आखूड रूप. फ्रेंचमध्ये 'ब्रा' म्हणजे बाहू, आणि 'ब्रासिएर' म्हणजे आधी बाहूचं संरक्षण, मग तान्ह्या मुलाचं झबलं. ज्या कपड्याला आपण हे नाव देतो त्याला फ्रेंच बायका 'सुतियाँ-गोर्ज' म्हणतात. म्हणजे इंग्रजांनी लाजून फ्रेंच शब्द घेतला, तोही चुकीचा घेतला, आणि आपण तो मोकळेपणाचा शब्द म्हणून उसना आणला. 'पेटीकोट' म्हणजे छोटा कोट. 'निकर' आली 'निकरबोकर'वरून, ते वॉशिंग्टन आयर्विंगने १८०९ मध्ये घेतलेलं एका काल्पनिक डच इतिहासकाराचं नाव. आपल्या आजोबांची 'गंजीफ्रॉक' ही ग्वेर्नसी नावाच्या बेटावरच्या खलाशांची लोकरी बंडी. 'झंपर' हाही तिकडे वरून घालायचा कपडा. यातला एकही शब्द स्त्रीच्या शरीराचं नाव घेत नाही. दुसऱ्याचा पदर आपण आपल्या डोक्यावर ओढला, एवढंच झालं.

आता आपल्याकडे वळू. आधी वरचा कपडा.

आपल्या विदर्भातच बघा. वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा 'डोया', काळा 'काया', तशी चोळी 'चोयी'. नागपूर ओलांडून भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत गेलात की ळ चा र होतो. त्या न्यायाने चोळीची 'चोरी' होते, आणि बाहेरून आलेला माणूस दचकतो. गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्याकडे तेलुगू सुरू होते, तिथे 'रविका'. दक्षिणेला बेळगाव-धारवाडकडे कानडीत 'कुप्पस' किंवा 'कुबस'. उत्तर कर्नाटकात गरोदर बाईला हिरवं लुगडं नि चोळी देण्याच्या समारंभालाच 'कुबस' म्हणतात. आणि हा शब्द कुठून आला? अमरकोशात 'चोल' आणि 'कूर्पासक' हे जोडशब्द दिले आहेत. चोल आपल्याकडे चोळी झाला, कूर्पासक कानडीत कुप्पस झाला. दोन शेजारणींनी जणू एकाच कोशातलं एकेक कापड वाटून घेतलं. नागपूरच्या हिंदी घरांत 'अंगिया' ऐकू येते. छत्तीसगढहून आलेल्या घरांत परकराला 'साया' म्हणतात. तो पोर्तुगीज 'साइया', म्हणजे घागरा. समुद्रावरून आलेला शब्द फिरत फिरत समुद्रापासून इतक्या लांब येऊन मुक्काम करतो.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. चोळी हा लपवायचा शब्द कधीच नव्हता. भाऊबीजेला भाऊ साडी-चोळी करतो. ओटीत खण घालतात, तो चोळीचाच खण. जुन्या कागदपत्रांत राजघराण्यातल्या बायकांच्या खासगी खर्चाला 'चोळी-बांगडी' म्हटलेलं आहे. म्हणजे हा शब्द देवापुढे चालत होता, दरबारात चालत होता, हिशेबाच्या वहीत चालत होता. कारण चोळी एकाच वेळी आतली होती आणि बाहेरचीही. खणाचं कापड अंगाला बेतून, समोर गाठ मारून ती छाती सावरत असे, आणि तीच जगाला दिसत असे. तिच्याखाली दुसरं काही नव्हतं.

मग झंपर आला, पोलकं आलं, ब्लाउज आला, आणि ब्लाउजच्या आत 'बॉडीस' आली. पुण्या-मुंबईची बॉडीस आपल्याकडे 'बाडी' झाली. एका चोळीचे दोन कपडे झाले. बाहेरच्याला बाहेरचा मान मिळाला, आणि आतलं 'आतलं' झालं. हे 'आत' काही निसर्गाने दिलेलं नाही. ते आपल्या आजी-पणजीच्या हयातीत तयार झालं. ज्या दिवशी दोन थर झाले त्या दिवशी खालच्या थराच्या वाट्याला लाज आली. ओटीत आज 'ब्लाउज पीस' घालतात, बॉडीसचं कापड कोणी घालत नाही. चोळीचं जे झालं तो प्रध्वंसाभाव: मडकं होतं, ते फुटलं.

खालच्या कपड्याची कथा वेगळी. नऊवारी लुगड्याला कासोटा होता. सव्वाआठ मीटर कापड मांड्यांमधून मागे खोचलं की आत वेगळं काही घालायची गरज उरत नव्हती. रोवणीला वाकलेली बाई, विहिरीत उतरलेली बाई, घोड्यावर बसलेली बाई, सगळ्यांचं त्यात भागत होतं. पुढे पाचवारी गोल साडी आली, कासोटा गेला, परकर आला. शाळेचा स्कर्ट आला, कवायत आली, तशी 'चड्डी' आणि 'निकर' आली. म्हणून मोठ्या बाईच्या या कपड्याला आपल्या बोलीत जुनं नाव सापडत नाही. वस्तूच नव्हती तर नाव कुठून असणार? हा प्रागभाव. यात शरमेचं काही नाही, आणि 'आमच्या संस्कृतीत गरजच नव्हती' म्हणून मिरवण्याचंही काही नाही. अमरकोशात 'अर्धोरुक' आणि 'चंडातक' हे शब्द आहेत, म्हणजे स्त्रियांचा अर्ध्या मांडीपर्यंतचा आखूड कपडा. तेव्हा या देशात असं काही शिवलंच जात नव्हतं असंही नाही. कपडे येतात, जातात, पुन्हा येतात.

आणि 'आतले', 'इनर', 'अंडर' ही जी सध्याची नावं, ती अन्योन्याभावाची. वस्तू काय आहे ते सांगत नाहीत, ती बाहेरची नव्हे एवढंच सांगतात. दिङ्नागाने शब्दाचा अर्थच 'इतरांना वगळणं' असा सांगितला होता, त्याला अपोह म्हणतात. गाय म्हणजे जे गाय नाही ते वगळून उरतं ते. पण दिङ्नागालाही गाय दाखवायची होती, झाकायची नव्हती.

बरं, धर्मग्रंथांत तरी हे सगळं अमंगळ समजून गाळलं असेल असं वाटतं. नागपुरात बसून विनयपिटकाची आठवण काढली नाही तर ते बरं दिसणार नाही. इथून काही किलोमीटरवर दीक्षाभूमी आहे. पालि विनयात भिक्षुणींच्या पाच वस्त्रांत एक 'संकच्चिका' आहे. तिची व्याख्या कशी दिली आहे? गळ्याच्या हाडाखालपासून बेंबीच्या वरपर्यंत झाकणारी. ही व्याख्या म्हणजे शिंप्याला दिलेलं माप आहे. अंघोळीच्या वस्त्राचं मापही दिलं आहे: चार वीत लांब, दोन वीत रुंद. चुल्लवग्गात भिक्षुणींच्या खंधकात पाळीच्या दिवसांतल्या कापडाचा उल्लेख येतो, 'आणिचोळक', आणि ते घट्ट राहावं म्हणून कमरेच्या दोरीला परवानगी दिलेली आहे. विहारात अशा दिवसांसाठी एक सामाईक वस्त्र असे, 'आवसथचीवर'. वापरून झालं की पुढच्या भिक्षुणीसाठी ते सोडायचं. हे सगळं नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं, पाठ केलेलं, पुरुष भिक्षूंनी जपून पुढे दिलेलं आहे. 'आणिचोळक'मधला 'चोळ' म्हणजे कापड, आपल्या चोळीचाच नातलग. इतकी शतकं आधी जे नाव घेऊन, माप देऊन सांगता आलं, ते आज आपल्याला 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' असं सांगावं लागतं.

या 'कावळा शिवला'पाशी जरा थांबू. मराठीत शिवणे दोन आहेत. एक सुईदोऱ्याचं, संस्कृत 'सीव्'चं. दुसरं स्पर्शाचं. व्युत्पत्ती वेगळी, उच्चार एक. पाळीच्या दिवसांत 'मला शिवू नको' म्हणणारी आजी दुपारी सुई घेऊन त्याच दिवसांसाठी घड्या शिवत असे. एका शिवण्याने तिला दूर बसवलं, दुसऱ्याने तिची सोय केली. आणि आमचा मुद्दा असा की पहिल्या शिवण्याची भाषा उरली, दुसऱ्याची गेली.

आता त्या दुसऱ्या शिवण्याकडे येऊ. मराठीत एक वाङ्मयप्रकार आहे ज्याची समीक्षा झालेली नाही. शिवणवर्गाची वही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, आईच्या किंवा सासूच्या ट्रंकेत असेल. डाव्या पानावर खाकी कागदाचे छोटे छोटे कपडे कापून चिकटवलेले. उजव्या पानावर मापं. झबलं, परकर, पोलकं, बॉडीस. लेखिका स्वतःच, वाचकही स्वतःच.

या वहीची भाषा बघा. 'बेतणे', म्हणजे कापड कापण्याआधी त्यावर कपडा बसवून बघणं. योजनेला आपण 'बेत' म्हणतो तोच हा शब्द. 'मुंढा', 'काख', 'कटोरी', 'टक्स', 'पट्टी', 'नेफा', 'नाडी', 'काज', 'अस्तर', 'धावदोरा', 'टीप', 'उसवणे'. तिरप्या धाग्यावर कापलेली पट्टी ती 'उरेब'. यात संस्कृत आहे, फारसी आहे, इंग्रजी 'टक'चं टक्स आहे, सगळं गुण्यागोविंदाने नांदतं. कोणी शुद्धीकरण केलं नाही, कोणी लाजलं नाही. 'कटोरी' हा शब्द किती सरळ आहे! स्वयंपाकघरातली वाटी. नळी फुंकिली सोनारे असं न होता, जी वस्तू जशी दिसते तसं तिचं नाव. या वहीत पूर्ण कपड्याला नाव कमी महत्त्वाचं आहे, त्याच्या प्रत्येक भागाला नाव आहे. आणि भागाला नाव असलं की त्याबद्दल तक्रार करता येते: 'मुंढ्यात आवळतंय', 'कटोरी खाली आली', 'काखेत एक इंच सोड'. शरीराबद्दल अचूक बोलायची ही एक पूर्ण पद्धत होती.

वहीत दोष नाहीत असं नाही. तिच्या सूत्रात सगळ्या बायका सारख्या असतात. छातीचं माप घ्यायचं, त्याचा चौथा भाग काढायचा, त्यात थोडं सैल सोडायचं, की झाला आराखडा. शरीर असं चार समान भागांत वाटलेलं नसतं. बाजारातल्या आजच्या मापात निदान दोन आकडे आहेत: छातीखालचा घेर वेगळा, आणि त्या घेरात नि छातीच्या पूर्ण घेरात जो फरक, त्याचं अक्षर वेगळं. '३४ बी' मधला ३४ हा घेर आणि 'बी' हा फरक. दुकानात मात्र विचारलं जातं एकच, 'नंबर किती?' वहीतली बाई एकाच आकड्यावर बेतायची, पण घालून बघायची, उसवायची, पुन्हा टीप मारायची. बाजाराजवळ दोन आकडे आहेत, पण घालून बघायची आणि बोलायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. चूक दुरुस्त करायची सोय कुणाकडे जास्त होती, सांगा.

घरचं शिवणं गेलं ते केवळ आळसाने किंवा फॅशनने गेलं नाही. त्याला यंत्राचं कारण आहे. घरातलं काळं शिलाई मशीन सरळ टीप मारतं. लंकलाट, पॉपलिन, केम्ब्रिक या न ताणणाऱ्या कापडांवर ती टीप पक्की बसते. कटोरीला कापड दुहेरी घ्यायचं, गोल गोल टिपा मारायच्या, मागे हुक आणि आकडे, झाली बॉडीस. पण लवचीक कापड आलं, होजियरी आली, १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्पँडेक्स नावाचा रबरासारखा ताणणारा धागा निघाला, आणि मग सरळ टिपेचं राज्य संपलं. ताणणाऱ्या कापडावर सरळ टीप मारली की कापड ताणताच दोरा तुटतो. तिथे नागमोडी टीप लागते, आणि ती साध्या मशीनवर पडत नाही. त्या क्षणी ही वस्तू घराच्या हातातून कारखान्याच्या हातात गेली. कपड्याबरोबर मुंढा, कटोरी, उरेब हे शब्दही गेले, कारण तयार कपडा बेतावा लागत नाही. शब्द हातात असतात. हात रिकामे झाले की शब्द गळतात.

गंमत अशी की ज्या परक्या वस्तूने हे केलं तीही मुळात घरीच शिवलेली आहे. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने मोलकरणीच्या मदतीने दोन रेशमी हातरुमाल आणि रिबीन जोडून एक कपडा केला, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते एका कंपनीला विकून टाकलं. म्हणजे तिथेही आधी सुई होती, नंतर कारखाना आला.

इथे एक सावधगिरी. 'पूर्वी बायका सगळं घरी शिवायच्या, किती छान होतं', अशा सुरात आम्ही बोलत नाही. पूर्वी चोळी सगळ्यांना मिळत नव्हती. केशवपन केलेल्या विधवेला आलवण नेसावं लागे, आणि चोळी घालायची बंदी असे. जिचं कपाळ पुसलं तिची चोळीही काढून घेतली. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कितीएक वर्षं झगडावं लागलं, तेव्हा १८५९ मध्ये राजाचं फर्मान निघालं. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण केलं, त्यात लुगडं कसं नेसावं हाही विषय होता. नेसण्याच्या पद्धतीवरून जात ओळखता येऊ नये, हा त्यातला मुद्दा. कपडा कोणाला, किती, कसा, हे जातीने आणि नवऱ्याच्या मरणाने ठरत होतं. त्या काळाची आम्हाला हौस नाही. आम्हाला जुना कपडा परत नको आहे. त्याबरोबर गेलेली बोलायची शक्ती परत हवी आहे.

मग उपाय म्हणून काही विद्वान 'कंचुकी' सुचवतात, 'स्तनपट्ट' सुचवतात. 'कंचुकी'ला आमचा विरोध चवीचा नाही, अनुभवाचा आहे. संस्कृत नाटकात कंचुकी म्हणजे अंतःपुरातला म्हातारा अधिकारी. काश्मिरी शैवांच्या मते कंचुक म्हणजे जीवाला मर्यादा घालणारी आवरणं: कला, विद्या, राग, काल, नियती. शब्द थोर आहे. पण गांधीबागेत कापड घ्यायला गेलेली बाई 'एक कंचुकी दाखवा' म्हणणार नाही, आणि तिने म्हणावं अशी अपेक्षा करणं म्हणजे तिच्यावर आणखी एक कंचुक घालणं. कोशातून बनवलेला शब्दही एक पडदाच असतो, फक्त जरतारी.

दुसरीकडे, वस्तू रस्त्यावर आली म्हणून शब्द मोकळा होतो असंही नाही. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेत दुकानांबाहेरचे आतले कपडे घातलेले पुतळे हटवावेत असा ठराव झाला. वस्तूच्या दिसण्यावर एवढी चर्चा झाली. पण तीच वस्तू घेणाऱ्या बाईला नीट माप का सांगता येत नाही, यावर कुठल्या सभागृहात बोलणं झालं? पुतळ्याला लाज नसते, ती आपण त्याच्या वतीने बाळगतो.

यात नुकसान काय, असं कोणी विचारेल. नुकसान दवाखान्यात होतं. मराठीत आई बाळाला 'अंगावर पाजते'. पांढरं जाऊ लागलं की 'अंगावरून जातं'. गर्भाशय खाली आलं की 'अंग बाहेर येतं'. तीन वेगळे अवयव, तीन वेगळी दुखणी, शब्द एकच, 'अंग'. 'छातीत दुखतं' म्हटलं तर हृदय बघायचं की गाठ, हे डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं. तो विचारेलच असं नाही, आणि विचारलं तरी बाई सांगेलच असंही नाही. पण ती जर म्हणाली, 'डाव्या कटोरीत, काखेच्या बाजूला, पट्टीच्या वर दोन बोटं', तर? जागा नेमकी कळली, आणि तिला एकही लाजिरवाणा शब्द उच्चारावा लागला नाही. शिवणाची भाषा शरीराचा नकाशा देते. कोशातला संस्कृत शब्द नुसती पाटी देतो, आणि इंग्रजी शब्द पाटीवर पडदा टाकतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. वस्तूला एकच 'अधिकृत' मराठी नाव शोधत बसू नका. 'ब्रा' राहू द्या, 'बाडी' राहू द्या, 'निकर' राहू द्या. झंपर पचवला तसे हेही शब्द मराठीने पचवले आहेत. पण भागांची नावं परत आणा. मुलीला पहिल्यांदा दुकानात नेताना 'नंबर' शिकवण्याआधी घेर आणि कटोरी शिकवा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला रुमालाची हेमिंग शिकवतात, त्याच्या जोडीला सुती कापडाची साधी स्लिप किंवा परकर बेतायला शिकवा, मुलग्यांनाही शिकवा. आज नागमोडी टीप मारणारी घरगुती मशीनं मिळतात, लवचीक कापडही मीटरवर मिळतं. ज्यांना आवड आहे त्यांनी शिवून बघावं. सगळ्यांनी शिवावं असा आमचा आग्रह नाही, सगळ्यांना बोलता यावं असा आहे.

आणि एक काम. घरात ट्रंक असेल तर उघडा. वही सापडली तर बॉडीसचं पान काढा, आणि घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला विचारा, 'याला तुम्ही काय म्हणत होता?' ती आधी हसेल. मग जो शब्द सांगेल तो तारखेसह, गावाच्या नावासह त्याच पानावर लिहून ठेवा. चोयी असेल, चोरी असेल, बाडी असेल, आम्ही कधी न ऐकलेलं आणखी काही असेल. कोशकारांनी ही घरं विचारली नाहीत. आता आपण विचारू.

आता प्रश्न घेऊ. पुरुषांनीही विचारावेत, विषय त्यांच्याही भाषेचा आहे.